दारू पिऊन गाडी चालवली, आता पुढे काय? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. धुळवड, मारबतीचा दिवस आणि ३१ डिसेंबर यांची दुसरी सकाळ उजाडली की माझ्या फोनवर ठरावीक प्रश्न येऊ लागतात. बहुतेक प्रश्न पकडल्या गेलेल्यांचे किंवा त्यांच्या घरच्यांचे असतात, काही अपघातात माणूस गमावलेल्यांचे. इथे दोघांचेही प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दारू प्यायल्यावर गाडी चालवणं हा गुन्हा नेमका कधी होतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा होतो. "मी शुद्धीत होतो", "गाडी सरळ चालली होती", "घर दोनच चौक पुढे होतं" या बचावांना इथे जागा नाही, कारण कायदा तोल विचारत नाही, आकडा विचारतो. पूर्वी हा आकडा श्वासाच्या मशीनवरच यावा लागे. २०१९ च्या दुरुस्तीने प्रयोगशाळेतली रक्ततपासणीही ग्राह्य धरली. आणखी एक शब्द लक्षात ठेवा: "चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना". म्हणजे गाडी दहा फूट पुढे गेलीच पाहिजे असं नाही.

२. मग किती पेग चालतात, मॅडम? एक लार्ज चालतो ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. माझं उत्तर: गाडी चालवायची असेल तर एकही नाही. पण नुसतं तेवढं सांगून लोकांचं समाधान होत नाही, म्हणून हिशेब मांडते.

आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या स्मॉलमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, ६० मिलीच्या लार्जमध्ये २०. सत्तर किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक लार्ज घेतला, तर रक्तातला आकडा ढोबळमानाने ४० च्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या "एका लार्ज"नेच मर्यादा ओलांडली. वजन कमी असेल तर आकडा आणखी वर जातो. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने त्याच वजनाच्या बाईचा आकडाही पुरुषापेक्षा जास्त येतो.

बिअरबद्दलचा गैरसमज तर फारच खोल आहे. "बिअरच तर प्यायलो" असं सांगणाऱ्याने बाटलीवरचं लेबल वाचावं. ६५० मिलीच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे एका बाटलीत चार स्मॉल. आणि सावजीचं जेवण वर चेपलं म्हणून दारू मरत नाही. पोट भरलेलं असलं की ती रक्तात हळू उतरते, इतकंच.

३. रात्री प्यायलो, झोपलो, सकाळी ऑफिसला निघालो. तरी केस होऊ शकते का?

होऊ शकते. शरीर दारू आपल्या गतीने जाळतं, सरासरी ताशी, १०० मिली रक्तामागे, १५ मिलिग्रॅमच्या आसपास. रात्री १२ वाजता आकडा १५० असेल तर सकाळी ७ वाजता तो ४५ असू शकतो, म्हणजे अजूनही मर्यादेच्या वर. लिंबूपाणी, कडक चहा, आंघोळ, उलटी यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. लग्नाच्या वरातीनंतर पहाटे समृद्धी महामार्गाने गाडी हाणणाऱ्यांनी हा हिशेब निघण्याआधी करावा. झोप अपुरी आणि रक्तात दारू, अशा अवस्थेत सरळ लांबलचक रस्ता फार धोक्याचा.

४. नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला नकार दिला तर?

गणवेशातल्या पोलिसाला किंवा मोटार वाहन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याला वाजवी संशय असेल, तर कलम २०३ खाली तो सार्वजनिक ठिकाणी श्वासाचा नमुना मागू शकतो. नकार दिला आणि दारूचा संशय असेल तर विनावॉरंट अटक होऊ शकते, आणि मग ठाण्यात रक्ताचा नमुना मागितला जातो. वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालयात तुमच्याविरुद्ध पूरक पुरावा म्हणून वापरता येतो, हे कलम २०५ सांगतं. थोडक्यात, नकाराने सुटका होत नाही, उलट एक संशय कागदावर चढतो.

तुमचेही हक्क आहेत. नळी तुमच्यासमोर नवी लावायला सांगा. मशीनमधून निघालेल्या पावतीवरची वेळ, तारीख आणि आकडा वाचा, जमल्यास फोटो घ्या. हुज्जत घालू नका. शासकीय कामात अडथळ्याचा वेगळा गुन्हा चढला की तो कलम १८५ पेक्षा जड जातो, आणि हे मी पुन्हा पुन्हा होताना पाहिलं आहे.

५. खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब, माउथवॉश यांनी मशीन वाजतं का?

वाजू शकतं. या वस्तूंमध्ये अल्कोहोल असेल तर ते थोडा वेळ तोंडात राहतं आणि मशीन तेच मोजतं. मात्र तोंडातलं अल्कोहोल साधारण पंधरा मिनिटांत उडून जातं. म्हणून तसं काही घेतलं असेल तर लगेच सांगा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करा. खरंच औषध असेल तर दुसरा आकडा खाली येईल. क्वार्टर पोटात असेल तर येणार नाही.

६. गाडी बायको चालवत होती आणि रात्रीचे अकरा वाजले होते. पोलिस तिची चाचणी घेऊ शकतात का?

श्वासाची चाचणी घेऊ शकतात. रक्ताचा नमुना मात्र पुरुष डॉक्टर घेणार असेल तर तो एखाद्या महिलेच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो, मग ती डॉक्टर असो वा नसो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक अपवादात्मक परिस्थितीतच करता येते, तीही महिला पोलिस अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन.

७. मशीनवर आकडा आला. त्या रात्री नेमकं काय होतं?

पोलिस अटक करू शकतात, पण कलम २०२ त्यांच्यावर एक बंधन घालतं: अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. नागपुरात त्यासाठी अनेकदा मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत नेतात. म्हणून अटकेची वेळ आणि दवाखान्यात पोचल्याची वेळ, दोन्ही लिहून ठेवा.

गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा तुमचा हक्क. गाडी तुमच्या हाती देणार नाहीत. न प्यायलेला, लायसन्स असलेला माणूस हजर झाला तर तिथेच त्याच्या ताब्यात देणं सोपं जातं. गाडी जप्त झाली असेल तर न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांगितल्यावर गाडी हजर करण्याच्या हमीवर, सोडवावी लागते. कलम २०६ नुसार लायसन्स ताब्यात घेऊन ते निलंबनाच्या कारवाईसाठी आरटीओकडे पाठवता येतं. पोचपावती मागून घ्या.

८. दवाखान्यात रक्त घेताना काय पाहायचं?

इंजेक्शनच्या जागी कातडी स्पिरिटने पुसू नये, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल. नमुना तुमच्यासमोर सील व्हावा, त्यावर नाव आणि वेळ पडावी. नंतर तो न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. कुणाकडे किती वेळ राहिला याची नोंद तुटली तर पुराव्यावर प्रश्न उभा राहतो. ही तपासणी आरोपीच्या जितकी फायद्याची, तितकीच पीडिताच्याही. पुण्यात मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली होती.

९. शिक्षा किती?

पहिल्यांदा: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच वाढीव शिक्षा होती. २०१९ मध्ये ती मुदतच काढून टाकली. त्यामुळे "जुनी केस होऊन पाच वर्षं झाली" याचा आता उपयोग नाही.

१०. हेल्मेटचं चालान ऑनलाइन भरतो, तसं हेही भरून टाकता येईल का?

नाही. कलम १८५ तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांत बसत नाही. रस्त्यावर, चौकीत किंवा ॲपवर तो दंड भरून विषय संपत नाही, न्यायालयात उभं राहावंच लागतं. "साहेबांना इथंच देऊन मोकळं व्हा" असं सुचवणारा माणूस तुम्हाला लाचेच्या दुसऱ्या गुन्ह्यात ओढतो आहे.

११. तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरून टाकू का?

घाईत करू नका. कबुली म्हणजे दोषसिद्धी. त्या दिवसापासून तुमच्या नावावर पहिला गुन्हा लागतो, पुढची वेळ "दुसरी" मोजली जाते (प्रश्न ९), आणि लायसन्सचाही निर्णय होतो (प्रश्न १२). दुसऱ्या बाजूने, पुरावा पक्का असेल, पावती स्पष्ट असेल, तपासणी वेळेत झाली असेल, तर वर्षानुवर्षं तारखा लढवण्यात अर्थ नसतो. तेव्हा मी स्वतःच अशिलाला कबुलीचा सल्ला देते. कागद पाहिल्याशिवाय "सोडवून देतो" म्हणणाऱ्या वकिलापासून सावध राहा. आणि समन्स आल्यावर तारीख चुकवू नका, नाहीतर वॉरंट निघतं.

१२. लायसन्स किती दिवस जातं?

न्यायालयाने कलम १८५ खाली दोषी ठरवलं तर कलम २० नुसार किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवलं जातं. आरटीओची निलंबनाची कारवाई याहून वेगळी आहे, आणि तिला निकालाची वाट पाहावी लागत नाही. तिथे नोटीस येते, तुमचं म्हणणं मांडायची संधी मिळते. ती संधी लोक आळसाने घालवतात. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे, ऑटो, टॅक्सी किंवा ट्रक, त्याच्यासाठी दंडापेक्षा हे सहा महिने मोठी शिक्षा असतात. निलंबनाच्या काळात गाडी चालवली तर तो आणखी एक गुन्हा, आणि अपघात झाला तर विमाही गेला.

१३. सरकारी नोकरी आणि पासपोर्टवर परिणाम होतो का?

नोकरीच्या चारित्र्य पडताळणी अर्जात केसबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात माहिती दडवण्याबद्दलची तत्त्वं घालून दिली. त्यातून एवढं नक्की कळतं की किरकोळ गुन्ह्याची खरी माहिती दिली तर नियुक्तीचा विचार होऊ शकतो, पण लपवलेली माहिती अधिक महागात पडू शकते.

पासपोर्टसाठी अडचण मुख्यतः खटला प्रलंबित असताना येते. तेव्हा परदेशी जायला त्या न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. दंड भरून संपलेली पहिलीच केस एरवी पासपोर्ट अडवण्याइतकी मोठी ठरत नाही.

१४. गाडी माझी, पण प्यायलेला मित्र चालवत होता. मी मागे बसलो होतो. मलाही शिक्षा?

नुसतं मागे बसणं हा गुन्हा नाही, मग तुम्ही स्वतः प्यायलेले असलात तरी. पण तो प्यायलेला आहे हे माहीत असून तुम्ही चावी दिली, किंवा "चल बे, काही होत नाही" म्हणत त्याला गाडीवर बसवलं, तर कलम १८८ नुसार चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे.

१५. मुलगा सतरा वर्षांचा आहे. चावी त्याने विचारून घेतली नव्हती.

कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं किंवा तुम्ही थांबवण्याची पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे. टीव्हीशेजारच्या खुंटीवर चावी टांगलेली असेल तर ते सिद्ध करणं कठीण. शिवाय महाराष्ट्रात २१ वर्षांखालच्या कुणालाही दारू विकता येत नाही, आणि बिअर-वाइन सोडून इतर कडक दारूसाठी वय २५ आहे. त्यामुळे त्याला दारू कुठून मिळाली, हाही तपासाचा भाग होतो.

१६. अपघात होऊन कुणी मेलं तर?

इथे कलम १८५ बाजूला पडतं आणि भारतीय न्याय संहिता पुढे येते. ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. पण पिऊन गाडी चालवल्याने माणूस मरू शकतो हे चालकाला माहीत होतं, असं परिस्थितीवरून दिसलं, तर सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लागू शकतं. ते अजामीनपात्र आहे, आणि केवळ अशी जाणीव सिद्ध झाली तरी शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते.

याचा मोठा दाखला मुंबईचा. नोव्हेंबर २००६ मध्ये कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲलिस्टर परेरा प्रकरणात सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी आणि तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. आपल्या शहरात फेब्रुवारी २०२४ मध्ये रामझुला पुलावर गाडीच्या धडकेत दोन तरुणांचा जीव गेला, तेव्हा आधी जामीनपात्र कलम आणि नंतर सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं, आणि नागपूरकरांना या दोन कलमांतला फरक पहिल्यांदा घरोघरी कळला.

अपघातानंतर पळू नका. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे, प्यायलेल्या चालकाचंही.

१७. विमा कंपनी गाडीचे पैसे देईल का?

तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे बहुधा नाही. दारूच्या अमलाखाली चालवणं हा पॉलिसीतला ठरलेला अपवाद असतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये, दिल्लीत २००७ साली झालेल्या एका गाडीच्या अपघाताबाबत, सांगितलं की श्वास-रक्ताची चाचणी झालीच नसली तरी दारूचा वास, डॉक्टरांची नोंद आणि अपघाताची तऱ्हा यांवरून कंपनी दावा नाकारू शकते. चाचणी टाळली म्हणून विमा वाचतो, हा समज तिथेच संपला.

१८. आमचा माणूस अशा गाडीखाली गेला. आम्हाला भरपाई मिळेल का, की चालक प्यायलेला होता म्हणून कंपनी हात वर करेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. फौजदारी खटला चालू असो वा नसो, तो स्वतंत्र चालतो. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती पाळा. तेराव्याच्या गडबडीत आणि पहिल्या महिन्यांच्या सुन्नपणात हे दिवस निघून जातात, म्हणून घरातल्या एका शहाण्या माणसावर हे काम सोपवा.

दारूचा बचाव २०१९ नंतर कंपन्यांना कायद्यानेच दिला आहे आणि त्या तो घेतात. तरीही न्यायाधिकरणं अनेकदा कंपनीला आधी पीडितांना रक्कम द्यायला लावतात आणि ती गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृताच्या कमाईचे पुरावे आणि वयाचा दाखला आधी गोळा करा. मृताचा पगार रोखीत असेल तर मालकाचं पत्र, बँकेतल्या नोंदी, किराणा दुकानाची वहीसुद्धा कामी येते. आणि दवाखान्याच्या दारात येऊन "समझोत्या"च्या कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला सही देऊ नका, तो कितीही जवळचा वाटला तरी.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये देण्याची केंद्राची योजना आहे.

१९. गाडी उभी होती, एसी लावून आत झोपलो होतो. किंवा फार्महाउसच्या आवारातच फिरवली. तरी गुन्हा?

ही खरी कुंपणावरची प्रकरणं. कलम १८५ मध्ये "सार्वजनिक ठिकाण" हे शब्द नाहीत, पण श्वासाचा नमुना मागण्याचा कलम २०३ चा अधिकार सार्वजनिक ठिकाणापुरता आहे. त्यामुळे बंद फाटकाच्या आतली तपासणी वादग्रस्त ठरू शकते. मात्र लोकांना येण्याचा हक्क असलेली जागा, मग ती हॉटेलसमोरची असली तरी, सार्वजनिकच. उभ्या गाडीत झोपलेल्याबाबत पाहिलं जातं ते हे की चालवण्याचा प्रयत्न होता का: इंजिन चालू, तुम्ही स्टिअरिंगवर, गाडी रस्त्यात आडवी, तर प्रयत्न नव्हता हे पटवणं कठीण. मागच्या सीटवर झोपा आणि चावी दुसऱ्याकडे द्या.

२०. सायकल, ई-बाइक, बैलबंडी, ट्रॅक्टर?

ट्रॅक्टर आणि ई-रिक्षा ही मोटार वाहनंच आहेत, कलम १८५ लागू. २५० वॅटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरपर्यंतच वेग असलेली ई-बाइक, सायकल आणि पोळ्याची बैलबंडी मोटार वाहनात मोडत नाहीत. पण बेदरकारपणे "कोणतंही वाहन" हाकणं न्याय संहितेच्या कलम २८१ खाली येतं, आणि नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन कलम ३५५ खाली.

२१. गांजा किंवा झोपेची गोळी?

कलम १८५ च्या दुसऱ्या भागात अमली पदार्थ येतात. तिथे आकडा नाही, गाडीवर नीट ताबा ठेवता न येण्याइतका अंमल होता का हे पाहिलं जातं. डॉक्टरने दिलेल्या गोळीलाही ही कसोटी लागू शकते. पाकिटावर गाडी न चालवण्याची सूचना असेल तर ती मनावर घ्या.

२२. नागपुरात घेतलेली बाटली गाडीत ठेवून वर्ध्याला गेलो तर?

प्यायला नसलात तरी अडचणीत याल. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, तिथे दारू बाळगणं हाच महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि गाडीही जप्त होऊ शकते. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. बुटीबोरीच्या पुढे जिल्हा बदलतो हे विसरून गेलेले बरेच जण मला न्यायालयात भेटले आहेत.

२३. शेजारी रोज पिऊन गाडी काढतो. कळवलं तर माझं नाव निघेल का?

११२ वर फोन करा. गाडीचा क्रमांक, रंग आणि दिशा सांगा, आणि नाव गुप्त ठेवायला सांगा. त्याच्या गाडीसमोर स्वतः उभं राहू नका. तो गाडी काढण्याआधी घरच्यांना आवाज देता आला तर तो आधी द्या.